अणूंची केंद्रकं एकमेकांवर आपटून त्यांचा आकार कळतो का? या विषयात पीएचडी करावी का?

कळतो. याच प्रश्नावरून माझं भर सेमिनारमध्ये हसं झालंय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

२०१२ साली अमेरिकेत ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या 'रिक' कोलायडरमध्ये, म्हणजे केंद्रकं आदळवणाऱ्या कडीसारख्या यंत्रात, युरेनियमवर युरेनियम आदळवलं गेलं. मी तेव्हा गॅमा स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे गॅमा किरणांवरून केंद्रकाच्या ऊर्जापातळ्या शोधण्यात, पीएचडी करत होतो. सेमिनारमध्ये म्हणालो, या टकरींतून युरेनियमचा लांबुळका आकार दिसायला हवा. पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठ सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे खोबऱ्याचे तुकडे बघून नारळ कसा होता ते सांगणार?" सगळे हसले. माझे गाइडही. मग सर उठले आणि फळ्यावर लिहिलं: ४५, १४८. युरेनियम-२३८ च्या पहिल्या दोन उत्तेजित ऊर्जापातळ्या, केईव्ही या ऊर्जेच्या एककात. गुणोत्तर ३.३, हे फिरणाऱ्या लांबुळक्या केंद्रकाचं लक्षण, म्हणजे केंद्रक गोल नाही. "झालं की! त्यासाठी ३.८ किलोमीटरचं कडं कशाला?"

पण पातळ्यांतून दिसतो तो फिरत्या पंख्याच्या चकतीसारखा सरासरी आकार. टक्कर १० चा उणे २३ वा घात सेकंदाच्या आत उरकते, तेवढ्यात केंद्रक कुशीवरही वळत नाही. आणि तुकडे नुसते मोजायचे नसतात हो, कुठल्या दिशेला किती जोरात उडाले ते बघायचं. केंद्रकं आडवी भिडली तर टकरीतून होणारा तप्त थेंब लंबगोल होतो आणि आखूड बाजूने जास्त जोर लागतो. टोकाला टोक भिडलं तर थेंब लहान आणि गोल, जोर जास्त पण सगळीकडे सारखा. म्हणजे अगदी समोरासमोरच्या टकरींत तुकड्यांचा सरासरी संवेग (उडण्याचा जोर) वाढला की लंबगोल प्रवाह, म्हणजे दिशेदिशेतला जोराचा फरक, घटायला हवा. युरेनियममध्ये घटतो. जवळपास गोल असलेल्या सोन्यात घटत नाही. रिकवर प्रयोग करणाऱ्या स्टार गटाचा हा शोधनिबंध नोव्हेंबर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आला. मी लगेच सरांना व्हॉट्सॲपवर पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.

पीएचडीचं म्हणाल तर करा. गाइड मात्र असा धरा, जो हसणाऱ्यांत सामील होणार नाही.

हां, एक राहिलं. मोजमापातून आकार थेट बाहेर पडत नाही, हायड्रोडायनॅमिक्सची (द्रवाच्या प्रवाहाची) गणितं चालवून जुळवावा लागतो. आणि जो आकार निघाला तो पडताळायला शेवटी कमी ऊर्जेच्या प्रयोगांतले जुने आकडेच लागले. हे मी सरांना कळवलेलं नाही.