फुकटच्या डाळिंब काड्या लावण्याआधी

शेजाऱ्याच्या डाळिंबबागेत आंबे बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या बहाराची) छाटणी झालीय, भगवा जातीच्या काड्या फुकट मिळतायत, त्या पिशव्यांत लावू का, असं तुम्ही विचारलंय. वाचून राहवलं नाही.

काडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, हे माहीत असेलच. डाळिंबाची काडी मुळं धरते हो. ती कोणत्या झाडाची आहे, हे महत्त्वाचं. छाटणीच्या दिवसांत हवा कोरडी, फळं उतरलेली, पानं झडलेली. तेव्हा तेल्या या जिवाणूजन्य रोगाचं झाडही स्वच्छ दिसतं. जिवाणू पेऱ्यावरच्या काळ्या चिरांत टिकून असतो आणि काडीबरोबर तुमच्या शेतात येतो. पावसात पानांवर तेलकट ठिपके उमटतात, तेव्हा कळतं.

आमच्याकडे तेल्या परवाना असलेल्या रोपवाटिकेतूनच आला. ज्यांच्यापासून रोपं केली ते मातृवृक्ष त्यांनी बघू दिले नव्हते. तक्रार घेऊन कृषी कार्यालयात गेलो तर एका टेबलावर सांगितलं, रोगट झाडं आधी उपटून जाळा. सल्ला योग्य होता, जाळली. मग दुसऱ्या टेबलावर विचारलं, झाडंच नाहीत तर पंचनामा कशाचा करायचा? बिलावरही नुसतं 'रोपे', जातीचा उल्लेख नाही. बाग गेली त्यापेक्षा हे जास्त लागलं. म्हणून सांगतो, रोपं विकत घ्याल तेव्हा पक्क्या बिलावर जात लिहून घ्या. झाड उपटण्याआधी फोटो काढा, लेखी अर्जाची पोच घ्या.

माझं मत स्पष्ट आहे, यंदा त्या काड्या घेऊ नका. भर पावसाळ्यात शेजाऱ्याच्या बागेत फिरा, ठिपका नसलेल्या झाडांना सुतळी बांधा आणि पुढच्या छाटणीला फक्त त्यांच्याच काड्या घ्या. मर (झाड वाळवणारा रोग) लागलेल्या ओळीतली एकही नको. कात्री दर झाडानंतर हायपोक्लोराइटच्या जंतुनाशक द्रावणात बुडवा. मी शास्त्रज्ञ नाही, बागायतदार आहे. शंका असेल तर सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात विचारा.

आणखी एक. काडीत साठलेल्या अन्नावर पालवी आधी फुटते, मुळं नंतर येतात. पालवी दिसली म्हणून पिशव्या लगेच उन्हात काढू नका, काडी उपटून बघू नका. अंजिराच्या काडीलाही हेच लागू. आंबा मात्र काडीवर करायला जाऊ नका, त्याला कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर बांधलेलं कोय कलमच बरं.