आडवाटांवरची मोटारसायकल : वाचकांचे प्रश्न

खेडोपाडीच्या आतल्या रस्त्यांवरून मोटारसायकलने हिंडण्याविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही चार मित्र डिसेंबरमध्ये सांगलीहून निघून मलकापूर, अणुस्कुरा घाट, पाचल, रायपाटण, ओणी या मार्गाने राजापूरला उतरणार आहोत. पुढे महामार्ग टाळून जैतापूर, आडिवरे, कशेळी, पूर्णगड, पावस असे रत्नागिरीपर्यंत आणि तेथून जयगडमार्गे गुहागरला जायचे आहे. तिघांकडे हिमालयन 450 आणि एकाकडे एक्सपल्स 200 आहे. दिवसाला 300 किलोमीटर धरले आहेत. वाटेत शक्य तेथे कच्चे रस्तेही घ्यायचे आहेत. कोणती तयारी करावी? — एक वाचक, सांगली

उत्तर : मार्ग उत्तम निवडला आहे, परंतु दिवसाचे अंतर निम्मे करा. कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर थांबे धरून ताशी पंचवीस-तीस किलोमीटरपेक्षा जास्त सरासरी पडत नाही, आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिम भागात आणि घाटमाथ्यावर गव्यांचे कळप अंधार पडता पडता रस्त्यावर येतात. त्यामुळे घाट दुपारीच उतरावा, संध्याकाळवर ठेवू नये.

गाडीबद्दल काळजी करण्यासारखे फारसे नाही. हिमालयन 450 ची टाकी 17 लिटरची आहे, एक्सपल्सची 13 लिटरची. दोन्ही गाड्या मलकापुरात भरून घेतल्या तर ओणी-राजापूरपर्यंत पेट्रोलचा प्रश्न येणार नाही. चाकांत ट्यूब आहे की नाही हे मात्र घरीच पाहून ठेवा. ट्यूब असेल तर प्रत्येक मापाची एक जादा ट्यूब, टायर काढायचे पाने, ठिगळे आणि हातपंप सोबत हवेत, आणि चौघांपैकी किमान दोघांनी अंगणात एकदा तरी मागचे चाक स्वतः उतरवून परत बसवलेले असावे. साहित्य आहे पण हात बसलेला नाही, अशा अवस्थेत भर उन्हात तास-दोन तास सहज जातात.

खरी तयारी रस्त्याची माहिती काढण्याची आहे. फोनवरचा नकाशा रेषा दाखवतो, पण ती रेषा डांबरी आहे, मुरमाची आहे की गुरांची पायवाट आहे, हे तो नेहमी सांगत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे सोबत ठेवले तर गाडीवाट आणि पायवाट वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेली मिळते. मात्र हे नकाशेही जुने असू शकतात; नंतर झालेला रस्ता त्यांत नसेल आणि असलेला एखादा मोडूनही गेला असेल. म्हणून सर्वांत भरवशाची खूण एसटीची. ज्या गावात मुक्कामी एसटी जाते, तेथवरचा रस्ता मोटारसायकलला हमखास चालतो. मलकापूर किंवा राजापूरच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रकाशी, आणि वेळ असेल तर त्या मार्गाच्या चालकाशी, पाच मिनिटे बोला. कोणता साकव (ओढ्यावरचा लहान पूल) खचला आहे, कोठे खडी पसरून काम थांबले आहे, कोणत्या वळणावर दरडीची माती अजून तशीच आहे, हे त्यांना आदल्या दिवसापर्यंतचे ठाऊक असते.

गावात विचारताना प्रश्न नीट विचारावा लागतो. “हा रस्ता पुढे जातो का?” या प्रश्नाला “जातो की” हेच उत्तर मिळेल, कारण सांगणारा माणूस त्या वाटेने रोज चालत जातो आणि त्याच्या दृष्टीने ती वाट खरोखरच जाते. त्याऐवजी “काल-परवा इकडून टेंपो गेला का?”, “दुधाची गाडी येते का?”, घाटमाथ्यावर “वडाप (प्रवासी जीप) कुठवर चालते?” असे विचारा. या प्रश्नांचे उत्तर कोणालाही नेमकेच द्यावे लागते.

कडेचे किलोमीटरचे दगडही वाचत चला. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या माथ्याचा राज्यमार्गाचा, काळ्या माथ्याचा जिल्हा मार्गाचा, आणि नारिंगी माथ्याचा ग्रामीण रस्त्याचा. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांच्या तोंडाशी लांबी आणि काम पूर्ण झाल्याची तारीख लिहिलेला फलक असतो. त्यावरून डांबराचे वय कळते आणि पुढे काय वाढून ठेवले आहे त्याचा अंदाज येतो. हे रस्ते बहुधा पावणेचार मीटर रुंदीचे, काही त्याहूनही अरुंद असतात. समोरून एसटी आली की तुम्हालाच साइडपट्टीवर उतरावे लागते, आणि पावसाने धुपलेली साइडपट्टी डांबरापेक्षा पुष्कळदा वीतभर खाली असते. तेथून परत वर येताना चाक काठाला समांतर ठेवले तर गाडी हमखास घसरते. वेग कमी करून, हँडल वळवून, काठाला शक्य तेवढा रुंद कोन करून चढावे.

दोन धोके तुमच्या मार्गापुरते वेगळे सांगतो. सांगली-कोल्हापूरच्या बाजूला तेव्हा गळीत हंगाम भरात असेल. दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर मागच्या दिव्याविना चालतात आणि रस्त्यावर पडलेली उसाची कांडी चाकाखाली गोल फिरते, म्हणून पहाटेच्या धुक्यात निघू नका. राजापूरच्या बाजूला चिरेखाणींचे ट्रक असतात. त्यांतून सांडणारी जांभ्याची, म्हणजे कोकणातल्या तांबड्या दगडाची, भुकटी वळणावरच्या डांबरावर पिठासारखी बसते आणि तिच्यावर पुढचा ब्रेक दाबणे महागात पडते. रस्ता लालसर दिसला की वळणाच्या आधीच वेग उतरवून घ्या.

जयगडहून तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो आणि बोटीची लोखंडी फळी ओली असते. पहिल्या गियरमध्ये, क्लच अर्धा धरून, ब्रेकला हात न लावता सरळ चढायचे.

प्रश्न : माझी उंची पाच फूट एक इंच आहे. नाशिकच्या आसपास, पेठ-सुरगाणा भागात एकटीने फिरायचे आहे. हिमालयन 450 सारखी मोठी गाडी घ्यावी की एक्सपल्स पुरेल? मोठी गाडी घाटात दणकट वाटते, पण पाय नीट टेकत नाहीत. — एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही गाड्यांच्या सीटची उंची जवळपास सारखीच, सव्वाआठशे मिलिमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे पाय टेकण्याचा प्रश्न दोन्हींवर येईल आणि तो सवयीने सुटेल. एक नितंब किंचित सरकवून एकच पाय पूर्ण टेकवण्याची सवय करून घ्या. उंच माणसेही खडबडीत जागी तेच करतात. निर्णय वजनावर घ्यावा. हिमालयन 450 चे वजन 196 किलो आहे आणि एक्सपल्सचे त्याहून साधारण पस्तीस-चाळीस किलोंनी कमी. एकटीने फिरताना आडव्या पडलेल्या गाडीला स्वतः उभे करता येणे, ही मी पहिली अट मानतो. त्या दृष्टीने तुम्ही हलकी गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पेठ-सुरगाण्याच्या रस्त्यांवर दोनशे सीसीची ताकद कमी पडत नाही.

गाडी उचलण्याची पद्धत आताच शिकून घ्या. आधी इंजिन बंद करा आणि पेट्रोल सांडत नाही ना ते पाहा. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर उचलण्यापूर्वीच साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, म्हणजे ती उभी राहून पलीकडे कलली तरी स्टँडवर विसावेल. डाव्या कुशीवर पडली असेल तर ही सोय नसते, म्हणून ती जेमतेम उभी होईल एवढाच जोर लावायचा. पहिला गियर टाकून ठेवला की चाक घरंगळत नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून बसा, एका हाताने खालची मूठ आणि दुसऱ्याने मागची लोखंडी पकड धरा, आणि कंबरेतून न वाकता पायांच्या जोरावर लहान पावले टाकत मागे सरका. हे शोरूममधून गाडी घरी आली की गवतावर किंवा जुन्या गादीवर करून पाहावे. निघताना मार्ग आणि परतीची वेळ घरी कोणाला तरी लिहून द्या. दऱ्याखोऱ्यांत फोनची रेंज तुटते. रेंज असेल तेथे रुग्णवाहिकेसाठी 108 आणि इतर मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत.

प्रश्न : आमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळी माळावर, कातळशिल्पे आहेत. गेली दोन-तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी मोठ्या मोटारसायकलींचे जथे येतात, रस्ता सोडून सड्यावर गाड्या पळवतात, व्हिडिओ काढतात. गवत कापणीआधीच तुडवले जाते. हटकले तर “मोकळे माळरान आहे, तुमचे काय जाते?” असे विचारतात. तुमच्या सदरातून या मंडळींना चार शब्द सांगाल का? — एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : अवश्य सांगतो, आणि पहिल्या पत्रातल्या चौघा मित्रांनीही हे उत्तर वाचावे, कारण त्यांची वाट याच सड्यांवरून जाते.

सडा मोकळा दिसतो, पण तो रिकामा नसतो. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढेतळी, उक्षी, जांभरूण येथील कातळशिल्पे 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या आकृतीच्या आत इतर प्राण्यांच्या अनेक आकृत्या कोरलेल्या आहेत. या रेषा जांभ्यात जेमतेम काही सेंटिमीटर खोल आहेत आणि माती-गवताखाली अर्धवट झाकलेल्या असतात. दुचाकीवरून, पाच फूट उंचीवरून, वेगात, त्या दिसतच नाहीत. ज्या शिल्पांभोवती कुंपण आहे ती वाचतील, पण अजून ज्यांची नोंदही झालेली नाही त्यांच्यावरून चाक गेले तर कोणाला कळणारही नाही.

शिल्पे बाजूला ठेवली तरी सड्यावर रस्ता सोडून गाडी नेऊ नये. जांभ्यावरचा मातीचा थर बोटभर असतो. त्यात पावसाळ्यात गेंद आणि सीतेची आसवे फुलतात; रत्नागिरीच्या सड्यांची खास ओळख असलेली दीपकाडी जूनच्या सरींबरोबर कंदातून वर येते. नक्षीदार टायर या थरात चर पाडतो, पुढच्या पावसाचे पाणी त्याच चरातून धावते आणि माती घेऊन जाते. ती पुन्हा साचायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. टिटवी तर आपली अंडी उघड्या कातळावर, खड्यांतच घालते, आणि त्यांचा रंग खड्यांसारखाच असतो. पावसानंतरचे गवत हा गावाचा वर्षभराचा चारा आहे. वाळलेल्या गवतात तापलेला सायलेन्सर टेकवून गाडी उभी केली तर वणवा लागायला वेळ लागत नाही, आणि सड्यावरचा वणवा वाऱ्याबरोबर थेट कलमांच्या बागांत उतरतो. आंब्या-काजूवर ज्याचे वर्ष अवलंबून आहे त्याने हटकले, तर तो त्याचा अधिकारच आहे.

मोकळे माळरान कोणाच्या मालकीचे नसते, हा समजही चुकीचा आहे. सड्यांच्या जमिनी बहुतेक ठिकाणी खाजगी, अनेकदा कित्येक वाटेकऱ्यांच्या सामाईक आहेत. राखीव वनात तर परवानगीशिवाय शिरणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे. म्हणून गाडी डांबरावर किंवा वहिवाटीच्या गाडीवाटेवर ठेवावी, तेथून पायी जावे, गावातला कोणी सोबत घ्यावा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. देवाचे गोठणे येथे तर चालत जाण्याचा आणखी एक लाभ आहे. तेथील मानवाकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते, आणि हे पाहायला शांतपणे उभे राहावे लागते.

तुमच्या गावाला काय करता येईल, तेही सांगतो. गाड्या जेथून सड्यावर चढतात ती तोंडे बहुधा दोन-तीनच असतात. तेथे चिऱ्यांची रांग लावली तर माणूस आणि गुरे जातील, गाडी जाणार नाही. ग्रामसभेचा ठराव करून रस्त्यालगत वाहनतळाची जागा नेमून द्या आणि फलकावर कारण लिहा. नुसती मनाई वाचून माणूस हुज्जत घालतो, कारण वाचले तर पुष्कळजण ऐकतात. सायलेन्सर बदलून आवाज वाढवणे मोटार वाहन कायद्याखाली दंडनीय आहे, तेव्हा गाडीच्या क्रमांकासह छायाचित्र पोलिसांकडे देण्यात संकोच करू नका. गावच्या दोन मुलांनी मार्गदर्शक म्हणून उभे राहावे, ही सूचना मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ज्याला सड्यावरची एकेक रेषा ठाऊक आहे, त्याच्याबरोबर चालणारा पाहुणा मागे वळून गाडी आणायला जात नाही.

प्रश्न : परभणीकडे पाणंदीतून गाडी नेता येते का? पावसाळ्यात फरशी पुलावरून किती पाण्यापर्यंत जाणे सुरक्षित? — एक वाचक, जिंतूर

उत्तर : पाणंद ही शेतांमधून जाणारी वहिवाटीची वाट आहे, त्यामुळे उन्हाळ्यात तेथून गाडी नेण्यास हरकत नाही, मात्र बैलगाडी किंवा ट्रॅक्टर समोर आला तर तुम्ही मागे सरायचे, आणि अडचण झाली म्हणून कोणाच्या बांधावरून किंवा पिकातून वाट काढायची नाही. पावसाळ्यात काळ्या रानात जाऊच नका. ती माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये घट्ट बसते, चाक फिरेनासे होते आणि चेनमध्ये भरलेला चिखल काडीने उकरावा लागतो. पुढचे मडगार्ड उंच असलेली गाडी थोडी अधिक तग धरते, एवढाच फरक. बाभळीच्या काट्यांमुळे तुमच्या भागात पंक्चरचे साहित्य बारमाही लागते.

फरशी पुलाबाबत उत्तर सोपे आहे. पाणी गढूळ असेल आणि फरशी दिसत नसेल, तर ते घोट्याएवढे असले तरी जायचे नाही. पाण्याखालची फरशी मधेच वाहून गेलेली असू शकते, आणि धारेचा जोर चाकांच्या बाजूवर आला की जड गाडीही काठाकडे सरकते. पाऊस थांबल्यावर लहान ओढ्याचे पाणी बऱ्याचदा काही तासांत ओसरते. तोवर अलीकडच्या गावात थांबा, आणि पाणी उतरल्यावरही आधी काठीने चाचपत पायी पलीकडे जाऊन या, मग गाडी काढा.