पैसे आले का, हे खात्यालाच विचारा : दुकानदार व ग्राहकांची प्रश्नोत्तरे

केळीच्या वखारीपासून सराफ बाजारापर्यंत आणि भरीत-पुरीच्या हॉटेलापासून आठवडे बाजारातल्या भाजीच्या पथारीपर्यंत खान्देशात आता सर्वत्र क्यूआर कोड दिसतो; मात्र त्यामागचे नियम माहीत नसल्याने तेच ते प्रश्न वारंवार येतात. त्यांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे. ती सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. कागदपत्रे पाहिल्याशिवाय कोणत्याही प्रकरणाचा निर्णय सांगता येत नाही.

प्रश्न : यूपीआयने पैसे दिले म्हणून दुकानदाराने दोन टक्के जादा घेतले. हे योग्य आहे का? (ग्राहक, भुसावळ)

उत्तर : नाही, बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी २०२० पासून खुद्द दुकानदारालाच शुल्क पडत नाही.

प्रश्न : गर्दीच्या वेळी ग्राहक मोबाइलवर हिरवी खूण दाखवून निघून जातात आणि रात्री हिशेब जुळत नाही. काय करावे? (किराणा दुकानदार, धुळे)

उत्तर : समोरच्याच्या पडद्यावरील खूण ही पावती नव्हे. तशी हुबेहूब खूण दाखवणारी बनावट अ‍ॅप्स चोरटे सर्रास वापरतात. साउंड बॉक्सने रक्कम उच्चारली नाही किंवा तुमच्या अ‍ॅपमध्ये ती दिसली नाही, तर माल हातात देऊ नये. दुकान उघडताना स्वतःचा क्यूआर एकदा स्कॅन करून त्यावर आपलेच नाव येते का, हेही पाहावे, कारण रात्रीतून वर दुसरे स्टिकर चिकटवण्याचे प्रकार घडतात.

प्रश्न : केळीची उचल देतो असे सांगून एका व्यापाऱ्याने क्यूआर पाठवला. तो स्कॅन करून पिन टाकताच माझ्याच खात्यातून पैसे गेले. घरी बोलणी बसतील म्हणून चार दिवस तक्रार केली नाही. (शेतकरी, रावेर)

उत्तर : आज, आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करा आणि आपल्या बँकेला लेखी कळवा. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. पिन स्वतः टाकला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान साधारणपणे खातेदारावरच पडते. गेलेली रक्कम पुढच्या खात्यांतून काढली जाण्याआधी अडवता आली तरच ती परत मिळण्याची आशा असते, आणि ही धावपळ काही तासांचीच असते.

प्रश्न : एका अनोळखी गृहस्थाने वीस हजार रुपये यूपीआयने पाठवून तेवढी रोकड मागितली. अडचणीत असेल म्हणून दिली. आता परराज्यातील पोलिसांच्या तक्रारीवरून बँकेने माझे खाते गोठवले आहे. खरीप तोंडावर आला असून कंपनीला माल उचलण्याचे पैसे देता येत नाहीत. एक एजंट पंधरा हजारांत खाते उघडून देतो म्हणतो. (कृषी सेवा केंद्रचालक, चोपडा)

उत्तर : या प्रश्नाने मला सर्वाधिक चिंता वाटते, कारण येथे प्रामाणिक दुकानदाराचाच धंदा बंद पडतो. एखाद्याची फसवणूक झाली की ती रक्कम काही मिनिटांत अनेक खात्यांतून फिरवली जाते आणि अखेरीस तिची रोकड करण्यासाठी गल्ल्यात रोख असलेले दुकान शोधले जाते. फसलेल्याने १९३० वर तक्रार केली की पैशाची वाट जिथवर जाते, तिथवरच्या खात्यांतील रक्कम अडवली जाते, आणि कधी कधी बँक केवळ वादातील रकमेवर न थांबता पूर्ण खातेच बंद करते. तुमच्याकडे त्या वीस हजारांचे बिल नाही, मालाची नोंद नाही. ‘मी रोकड दिली’ एवढे तोंडी सांगणेच उरते. खत-बियाणे विकले असते, तर पक्के बिल आणि साठा नोंदवही दाखवता आली असती. म्हणून विक्रीशिवाय कोणाचीही रक्कम खात्यात घेऊ नये, ओळखीच्या माणसाच्या ओळखीचा असला तरीही. ‘चुकून पैसे आले, या नंबरवर परत पाठवा’ असा फोन आला, तर परस्पर परत न पाठवता बँकेला कळवावे.

आता करायचे ते असे. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, पोलीस ठाण्याचे नाव आणि वादातील रक्कम लेखी घ्या. तेवढीच रक्कम रोखून उर्वरित खाते सुरू करावे, असा अर्ज द्या. त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रण पुसले जाण्यापूर्वी उतरवून ठेवा आणि तपास अधिकाऱ्यांना घटनाक्रम लेखी पाठवा. एजंटाला एक रुपयाही देऊ नका. गोठवलेले खाते तपास यंत्रणेच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाने उघडते, मध्यस्थाच्या फोनने नव्हे. फौजदारी काम पाहणाऱ्या वकिलांना या आठवड्यातच भेटा.

प्रश्न : यूपीआयने पैसे घेतले की जीएसटीची नोटीस येते, असे सगळे म्हणतात. क्यूआर काढून टाकू का? (फरसाण विक्रेता, शहादा)

उत्तर : काढू नका. २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना नोटिसा गेल्या, तेव्हापासून ही आवई उठली आहे. कर पैसे कशाने घेतले यावर ठरत नाही. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीनंतर नोंदणी लागते, हॉटेलसारख्या सेवेला २० लाखांनंतर, आणि त्या उलाढालीत रोख विक्रीही धरली जाते. उलट अंदाजित उत्पन्नावर आयकर भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याचा नफा रोख विक्रीवर ८ टक्के धरला जातो, तर डिजिटल विक्रीवर ६ टक्के. घरखर्चाची देवघेव आणि नातेवाइकांचे पैसे मात्र दुकानाच्या खात्यात येऊ देऊ नका, कारण पुढे त्यांतली विक्री कोणती हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. आपली उलाढाल मर्यादेच्या जवळ असेल, तर सनदी लेखापालांना विचारा.

प्रश्न : साउंड बॉक्स ‘मोफत’ म्हणून दिला, पण दरमहा पैसे कापले जातात. (चहा विक्रेता, अमळनेर)

उत्तर : मोफत असते ते बहुधा बसवणे, भाडे मागून सुरू होते आणि कपातीची संमती विक्री प्रतिनिधी तुमच्याच मोबाइलवर ओटीपी घेऊन नोंदवून जातो. तोंडी आश्वासनावर लोकांना असे अडकवणे मला निंद्य वाटते. यंत्र परत केल्याची पोच घ्या, बँकेत जाऊन स्वयंचलित कपातीची संमती रद्द करा, आणि त्याच प्रतिनिधीने दररोज कापून घेण्याच्या बोलीवर कर्ज देऊ केले असेल, तर करारपत्र जाणकाराला दाखवल्याशिवाय ओटीपी सांगू नका.

प्रश्न : कापड दुकानात मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल करत नाहीत. (ग्राहक, जळगाव)

उत्तर : नंबरची सक्ती करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावले आहे, नकार द्या, आणि तरीही अडवले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.