निर्जंतुक बुचे आत घेताना

प्रश्न : सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत इंजेक्शन भरण्याच्या विभागात मी काम करतो. निर्जंतुक रबरी बुचे पिशवीतून आयसोलेटरमध्ये (हातमोजे बसवलेल्या बंदिस्त निर्जंतुक कक्षात) घेतो, तेव्हा पिशवीच्या आणि आयसोलेटरच्या अशा दोन्ही झाकणांच्या बाहेरच्या बाजू खोलीतल्या हवेत उघड्या असतात. मग तेथील जंतू आत कसे जात नाहीत?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली शंका अगदी योग्य आहे. आयसोलेटरच्या भिंतीतील अल्फा झाकण आणि पिशवीचे बीटा झाकण एकमेकांवर टेकवून फिरवले, की दोघांच्या बाहेरच्या, म्हणजे अस्वच्छ मानलेल्या, बाजू परस्परांना चिकटून बंदिस्त होतात आणि पुढे ती दोन्ही झाकणे एकच दार असल्यासारखी आत उघडतात. अणुउद्योगात किरणोत्सारी पदार्थ हाताळण्यासाठी ही रचना वापरली जाई. तेथे आतले बाहेर येऊ द्यायचे नव्हते, येथे बाहेरचे आत जाऊ द्यायचे नाही.

तरीही एक जागा उरते. दोन्ही झाकणांच्या रबरी सीलच्या कडा जेथे भेटतात, तेथे केसासारखे बारीक वर्तुळ आतल्या बाजूस उघडे पडते आणि खरी काळजी त्याचीच घ्यावी लागते. म्हणून जोडण्यापूर्वी सीलवर चीर, सुरकुती किंवा रबराचा कण नाही ना, हे उजेडात पाहावे, बीजाणुनाशक (जंतूंची चिवट बीजरूपेही मारणाऱ्या) द्रावणाने कड पुसावी, आणि आत फनेल बसवूनच बुचे ओतावीत, जेणेकरून ती त्या कडेला घासणार नाहीत. हातमोजाही तेथे लागू देऊ नये. सीलची गळती-चाचणी मात्र ठरलेल्या मुदतीतच व्हावी, कारण थकलेले रबर डोळ्यांना चांगलेच दिसते.