नवी बॅटरी टाकूनही जुनी गाडी सेल्फ घेत नाही, फक्त ‘टक्’ होतं. काय तपासू?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही: ‘घरचे म्हणतात वीस वर्षांची झाली, आता काढून टाक.’ हे वाक्य मी आमच्या घरात पुष्कळ ऐकलंय. ‘जुनी झाली’ हा बिघाड नाही. बिघाड गाडीत कुठेतरी एका जागी असतो, एखाद्या टर्मिनलखाली, एखाद्या वायरच्या टोकाला, चावीच्या स्विचमध्ये. ती जागा सापडेपर्यंत गाडीच्या वयाबद्दल कोणी बोलू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही लिहिलंय की चावी फिरवली की एकदाच जाडसर ‘टक्’ होतं, इंजिन हलत नाही, हेडलाइट मात्र झकास लागतात. बॅटरी बदलल्यावर काही दिवस पहिल्या झटक्यात लागायची, आता पुन्हा तेच. यात ‘काही दिवस लागायची’ ही सगळ्यात कामाची माहिती आहे, आणि तिच्याकडेच कोणी लक्ष देत नाही.

आमच्याकडे हुबेहूब हेच झालं होतं. गाडी बाबांची. साधी पेट्रोल गाडी, क्लचला केबल, अ‍ॅक्सिलरेटरला केबल, कुठे काही लपवाछपवी नाही. गाडीच्या कामाचं सगळं भावोजी बघायचे, कारण गॅरेजवाला त्यांच्या ओळखीचा. पहिल्यांदा ‘टक्’ झालं तेव्हा भावोजींनी बोनेटही न उघडता सांगितलं, बॅटरी गेली. नवी बॅटरी आली. गाडी लागली. थोड्याच दिवसांत पुन्हा ‘टक्’. मग म्हणाले, सेल्फ (इंजिनला पहिला फेरा देणारी मोटर) गेला. गॅरेजवाल्यानंही मान डोलावली. नवा सेल्फ बसला आणि या वेळी गाडी बरेच दिवस नीट चालली. भावोजींचं घरात कौतुक झालं. आणि मग ती पुन्हा रुसली, तेव्हा निकाल लागला तो असा: ‘बाबा, गाडीच संपलीय. आता हिच्यात पैसे घालू नका.’ बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून गाडीचे कागद काढून टेबलावर ठेवले होते.

तोवर एकानंही मीटर लावला नव्हता. बॅटरी अंदाजानं बदलली, सेल्फ अंदाजानं बदलला, आणि दोन अंदाज फसल्यावर दोष गाडीच्या वयाला. मी बाबांना म्हटलं, विकायची तर विका, पण आधी मला एक दिवस द्या.

ताईला सीटवर बसवलं, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टीमीटरची टोकं बॅटरीच्या क्लॅम्पवर न धरता थेट शिशाच्या खुंटांवर धरली. गाडी बंद असताना 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. ताईला म्हटलं, फिरव चावी. ‘टक्’. मीटर 12.1.

बघणाऱ्याला हा आकडा चांगला वाटेल. मला तो वाटला नाही. लहान पेट्रोल इंजिन फिरवताना सेल्फ 100 ते 150 अँपिअर ओढतो, डिझेल असेल तर याहून बराच जास्त. एवढा करंट खरोखर गेला तर चांगली बॅटरीसुद्धा क्षणभर साडेदहा-अकराच्या आसपास येते. आमची तेवढी खाली आलीच नाही. म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे आणि सेल्फपर्यंत करंट पोचत नाहीये. वाटेत काहीतरी अडतंय. पॉझिटिव्हच्या वाटेत, नाहीतर परतीच्या वाटेत.

परतीची वाट म्हणजे अर्थिंग, इंजिन आणि बॉडीच्या धातूतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, मी अल्टरनेटरच्या ब्रॅकेटचा बोल्ट घासून घेतला होता. चावी फिरवली. मीटरवर साडेपाच व्होल्ट! इथे सेल्फ मारताना 0.2 च्या वर काही दिसता कामा नये. जवळजवळ निम्मी बॅटरी अर्थच्या वाटेतच खर्ची पडत होती.

मग जंपर केबल, म्हणजे दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाड वायर, घेतली, एक टोक निगेटिव्ह खुंटाला, दुसरं इंजिन उचलायच्या हुकला. ताईनं चावी फिरवली आणि इंजिन असं गरकन फिरलं की तिनं दचकून चावी सोडून दिली. बाबा दारात उभे होते. ‘पुन्हा फिरव,’ एवढंच म्हणाले.

खाली सरकून पाहिलं. गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली चपटी पट्टी येते, ती इंजिनची अर्थ पट्टी. बॉडीकडचं टोक कधीतरी रंगकाम झाल्यावर रंगावरच आवळलेलं होतं. गिअरबॉक्सकडचं टोक सेल्फच्याच एका बोल्टखाली. वरून पट्टी करडी, धडधाकट दिसत होती. पण बोल्ट जातो त्या टोकाच्या कडीच्या अगदी मुळाशी, जिथे तारा दाबून बसवलेल्या असतात, तिथे काळपट हिरवी झाली होती. बोटानं वाकवली तर तारांचा भुगा हातात आला. आणि अ‍ॅक्सिलरेटर केबलचं वरचं प्लॅस्टिक एका ठिकाणी मऊ पडून फुगलं होतं, कारण पट्टीतून न जाणारा करंट त्या बिचाऱ्या केबलमधून परतीची वाट शोधत होता. तुमच्या गाडीला केबल असेल तर चार-पाचदा सेल्फ मारून झाल्यावर तिला हात लावून बघा. गरम लागली तर पुढचं फारसं शोधावं लागणार नाही.

पट्टी बदलली, दोन्ही टोकांखालची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत धातू दिसेपर्यंत घासली, घट्ट आवळलं, वरून ग्रीस लावलं. झालं.

भावोजी आजही सांगतात की गाडी सेल्फमुळे सुधारली होती, ‘तिनं’ नंतर फक्त एक वायर बदलली. म्हणून हे नीट लिहून ठेवते. पट्टीचं टोक सेल्फच्या बोल्टखाली होतं. सेल्फ बदलताना तो बोल्ट काढला, टोक घासलं गेलं, पुन्हा आवळलं. जोड तात्पुरता जमला. श्रेय मात्र नव्या सेल्फला मिळालं. बॅटरीचंही तसंच: कोरी बॅटरी थोडा जास्त दाब देते, त्यात वाटेतला तोटा काही दिवस झाकला जातो. शिवाय बॅटरी बदलताना क्लॅम्प निघतात, खुंटावरचा पांढरा थर खरवडला जातो, त्यामुळे जोड आपोआप साफ होतो. पार्ट बदलल्यावर काही दिवस बरं वाटून पुन्हा तोच त्रास सुरू झाला, तर पार्ट सोडा आणि त्याच्या आजूबाजूचे जोड बघा. तुमच्या बाबतीत मला हाच संशय सगळ्यात आधी येतो. आणि सेल्फबद्दल भावोजींना शंका असेल तर आमच्या गाडीत आज जुनाच सेल्फ आहे. मी तो परत बसवला. नवा फळीवर पडून आहे.

आता तुमच्या गाडीकडे. हेडलाइट लागतात म्हणजे बॅटरी ठणठणीत, हे डोक्यातून काढा. 55 वॅटचा दिवा पाच अँपिअरसुद्धा घेत नाही. शिवाय दिव्यांची अर्थ बॉडीवर असते आणि सेल्फची इंजिनवर, म्हणून इंजिनची पट्टी तुटली तरी दिवे लख्ख लागतात. दिवे बघायचे ते चावी फिरवतानाच. लावून ठेवा आणि सेल्फ मारा. विझल्यासारखे झाले तर बॅटरी, तिचे क्लॅम्प, किंवा सेल्फ वा इंजिन जाम. तसेच प्रखर राहिले आणि ‘टक्’ झालं, तर आमच्यासारखं. ‘टक्’ही नाही आणि दिवेही तसेच, तर चावीचा स्विच, रिले किंवा सोलेनॉइडला (सेल्फवरच्या चुंबकी स्विचला) येणारी बारीक वायर. ‘कट्कट्कट्’ असा लागोपाठ आवाज आला तर बहुतेक वेळा बॅटरीच उतरलेली असते.

मग मीटर. बॅटरी शांत असताना 12.6 हवी, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, बाकी तपासण्यात अर्थ नाही. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर बॅटरी नवी असली तरी संशयित, क्वचित नवीही खराब निघते. नंतर अर्थची मोजणी, वर सांगितली तशी. त्यानंतर पॉझिटिव्ह: लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, काळं सेल्फवर बॅटरीची जाड वायर जिथे येते त्या खिळ्यावर (आट्यांच्या बोल्टवर), चावी फिरवताना अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. शेवटी सोलेनॉइडच्या दोन जाड खिळ्यांमध्ये मोजा. ‘टक्’ होऊनही तिथे जवळजवळ पूर्ण बॅटरीचे व्होल्ट दिसत असतील तर आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत. उलट सेल्फच्या मोटरच्या खिळ्यापर्यंत पूर्ण व्होल्ट पोचतात आणि तरी ती हलत नाही, तर कार्बन ब्रश संपलेत किंवा सेल्फ नाहीतर इंजिनच जाम आहे.

कोणी ओहम मोजून ‘वायर चांगली आहे’ म्हणालं तर ऐकू नका. एकच तार शिल्लक असली तरी साधा मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, आणि त्या एका तारेतून 100 अँपिअर जात नाहीत. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध इथल्या दोषापेक्षा जास्त असतो. हा दोष फक्त करंट वाहत असताना, व्होल्टमध्येच पकडता येतो. गॅरेजमध्ये गेलात तर ‘सेल्फ मारताना अर्थला किती व्होल्ट पडतात?’ एवढं विचारा. जो मोजायला उठेल त्याच्याकडे गाडी ठेवा.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. हे सगळं करताना इग्निशन कॉइलचा प्लग किंवा पेट्रोल पंपाचा (गाडीतल्या इंधन पंपाचा) फ्यूज काढून ठेवा, म्हणजे गाडी अचानक सुरू होणार नाही. सैल कपडे, केस, मीटरच्या वायरी पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब. एका वेळी पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये विश्रांती द्या. जंपर केबल पॉझिटिव्हच्या आसपास फिरकू देऊ नका. गाडी पाण्यातून आली असेल तर सेल्फ मारूच नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी स्पार्क प्लग काढा. इंजिन जामची शंका असेल तर प्लग काढून, गिअर न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा, हातानं फिरलं तर ती शंका मिटली. गाडी ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’ऐवजी ‘एन’ला घेऊन बघा, गिअरचा सेफ्टी स्विच दगा देतो. काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तिथे क्लचचा स्विच तपासा. सेल्फला हातोडीच्या दांड्यानं हलकेच ठोकल्यावर गाडी लागली तर ब्रश किंवा कॉन्टॅक्ट गेलेत एवढं कळतं, पण जोरात ठोकू नका, आतले चुंबक तडकतात. आणि हो, तुमचा एकच ‘टक्’ खरोखर सेल्फचाही असू शकतो. मोजल्याशिवाय मीही छातीठोक सांगणार नाही.

सेल्फच निघाला तरी लगेच अख्खा बदलू नका. पुष्कळ जुन्या सेल्फचे कार्बन ब्रश, बुश, सोलेनॉइड सुटे मिळतात, तो उघडून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. नवा घ्यावाच लागला तर जुना गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, घरी आणा. आणि नवा बसवताना अर्थ पट्टीची दोन्ही टोकं काढून घासून घ्या. त्यामुळे पुढे गाडी चांगली चालली तर कशामुळे, हे तुमच्या घरीही कदाचित ठरणार नाही. म्हणून आधी पट्टी, आठवडाभर गाडी चालवून बघा, मगच सेल्फला हात लावा.