पेरूतल्या तिक्लियो घाटातला 'तित्तर' नेमका कोणता?

तिक्लियो घाटात काढलेल्या फोटोतला, तुम्ही तित्तर समजलेला पक्षी तित्तर नाही; सुमारे 4,800 मीटरवर, खडकाळ माळावर दबा धरून बसलेला हा रूफस-बेलीड (तांबूस पोटाचा) सीडस्नाइप आहे. दिसायला भाट तित्तर (सँडग्राउज), पण नात्याने टिटवी-तुतारीच्या गणातला.

आधी टिनामू, म्हणजे तिथला तित्तरासारखा दिसणारा दुसरा पक्षी, बाद करा. त्याची मान बारीक आणि उभी, चोच लांबट व खाली वाकलेली. इथे चोच आखूड आणि जाड आहे. पाय तर पिसांत जवळजवळ लपलेत. मग खरा घोळ उरतो ग्रे-ब्रेस्टेड (राखाडी छातीच्या) सीडस्नाइपशी. त्याच्या नराची मान-छाती सपाट राखाडी आणि पांढऱ्या गळ्याला काळी कड. तुमच्या पक्ष्याच्या छातीवर खवल्यांसारखी नक्षी आहे आणि ती संपते तिथून पोट तांबूस. ग्रे-ब्रेस्टेडच्या मादीत राखाडी रंग नसतो, म्हणून नुसत्या छातीवर जाऊ नका. पोट पाहा, तिचं पांढरं असतं.

आकारावर मात्र विसंबू नका, टेलिफोटो लेन्सने दुरून काढलेल्या फोटोत शेजारी माप नसेल तर 22 (ग्रे-ब्रेस्टेड) आणि 30 (रूफस-बेलीड) सेंटिमीटर सारखेच वाटतात. तिथल्या प्रखर उन्हात फोटोत तांबूस रंग फिका दिसतो. फोटोचं एक्स्पोजर (उजळपणा) एका स्टॉपने, म्हणजे निम्म्यावर, उतरवून पुन्हा बघा. उडतानाचा फोटो असल्यास पंखाची खालची बाजू तपासा: काखेत काळं दिसलं तर ग्रे-ब्रेस्टेड.