कुंपण की स्पंदक?

प्रश्न : रेडिओ दुर्बिणीला गाडीच्या स्पार्क प्लगचाही उपद्रव होतो म्हणतात. मग एखादी टकटक आकाशातली की जमिनीवरची, हे ओळखता कसं? आणि कमी कंप्रतेवर (फ्रीक्वेन्सीवर) गोंगाट जास्त, तरी तिथेच का बसता?

उत्तर : खूण डोळ्यांना दिसते. आमच्या पडद्यावर वेळ आडवी आणि कंप्रता उभी मांडलेली असते. जवळपास ठिणगी उडाली की सगळ्या कंप्रता एकदम उजळतात, सरळ उभी रेघ. स्पंदकाचा, म्हणजे स्वतःभोवती फिरत ठरावीक वेळाने रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्याचा (पल्सारचा), ठोका विळ्यासारखा बाक घेऊन येतो : वरच्या कंप्रता आधी, खालच्या मागाहून. वाटेतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे लांब लहरी रेंगाळतात. कंप्रता निम्मी केली की उशीर चौपट. क्रॅब तेजोमेघातल्या स्पंदकाचा जो ठोका १४०० मेगाहर्ट्झवर पोचतो, तोच १५० वर यायला आणखी सुमारे दहा सेकंद लागतात. तेवढ्यात तारा स्वतःभोवती तीनशे गिरक्या घेऊन मोकळा! या उशिरावरून वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन होते ते निघतं. त्याला आम्ही 'डीएम' (डिस्पर्शन मेझर) म्हणतो.

नवखा असताना एका रात्री मला सेकंदाला एक असे घड्याळी ठोके सापडले. सरांना झोपेतून उठवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "डीएम पाहिलास?" डीएम शून्य, म्हणजे ठोके जमिनीवरचेच. सकाळी उलगडा झाला : शेतात जनावरं शिरू नयेत म्हणून झटके देणारं विजेचं कुंपण.

दुसरी खूण घड्याळाची. १९६७ साली खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल यांना ८१.५ मेगाहर्ट्झवर पहिल्या स्पंदकाचे, दर १.३३७ सेकंदांनी येणारे ठोके मिळाले, तेव्हा शंका माणसाच्याच एखाद्या यंत्रावर होती. पण तो स्रोत ताऱ्यांसारखा रोज चार मिनिटं आधी माथ्यावर यायचा. कुंपण असं करत नाही.

आता गोंगाटाचं. कमी कंप्रतेवर आकाश जास्त तापलेलं असतं, खरं आहे. पण बहुतेक स्पंदकही खालीच जास्त तेजस्वी, आणि डीएममधला बारीक फरक खालीच नीट मोजता येतो. खरी डोकेदुखी वेगळीच : वाटेतल्या वायूच्या चढउतारांमुळे ठोका फिसकटतो, म्हणजे पसरट होतो, आणि कंप्रता निम्मी केली की ते फिसकटणं साधारण सोळापट. उशीर गणिताने काढून टाकता येतो, हे सहसा नाही. म्हणून आकाशगंगेच्या गाभ्याकडचे दूरचे स्पंदक शोधायला मी कमी कंप्रता सुचवणार नाही.

प्रश्न : वेगवान रेडिओ स्फोट (एफआरबी), म्हणजे दूरच्या दीर्घिकांमधून येणारे क्षणभराचे रेडिओ झोत, इतक्या कमी कंप्रतेवर दिसतात का?

उत्तर : दिसतात, पण क्वचित. एफआरबी २०१८०९१६बी हा स्रोत युरोपातल्या लोफार या कमी कंप्रतेच्या रेडिओ दुर्बिणीला थेट ११० मेगाहर्ट्झपर्यंत सापडला. तो सुमारे १६ दिवसांच्या फेऱ्याने जागा होतो, आणि १५० मेगाहर्ट्झच्या आसपास त्याची जाग ६०० च्या मानाने तीनेक दिवस उशिरा येते. वाटेतला उशीर १५० वर जेमतेम मिनिटभराचा. म्हणजे हे तीन दिवस वाटेने खाल्लेले नाहीत, ते उगमापाशीच कुठेतरी आहेत.